जुन्या गाडीचे हेडलाईट मंद पडलेत, १००/९० चे बल्ब टाकू की एलईडी?

रातप्रवासी:
मंडळी, सल्ला हवाय. माझी गाडी जुनी आहे, वीस वर्षांच्या वरची, इंजिन अजून टकाटक आहे, विकायचा विचार अजिबात नाही, पण रात्री बाहेर काढायची म्हटलं की नको वाटतं. हेडलाईटचा उजेड इतका पिवळट आणि मंद पडतो की डिपरवर पुढचा रस्ता अंदाजानेच बघायचा, आणि पाऊस असेल तर डांबरावर काहीच दिसत नाही. समोरून गाडी येऊन गेली की पुढचे काही क्षण तर पूर्ण अंधार.

एच४ बल्ब आहेत, एकाच बल्बमधे अप्पर आणि डिपर दोन्ही, ६०/५५ वॅटचे (अप्परला ६०, डिपरला ५५). साधे नवे टाकून बघितले, फार फरक नाही पडला. आता एक जण म्हणतो १००/९० चे टाक, दुसरा म्हणतो सरळ एलईडी लाव, तिसरा ते निळसर पांढरे हॅलोजन मिळतात त्यांची तारीफ करतो. मला उजेड हवाय पण जुनं वायरिंग जळायला नको आणि समोरच्याच्या डोळ्यात लाईट मारायचा नाहीये. अजून एक, काय कामाचं असेल तर सांगतो, गाडी उभी असताना रेस दिली की उजेड वाढतो, आणि डावा इंडिकेटर लावला की डावा हेडलाईट त्याच्या तालावर हलकासा लुकलुकतो.

तांब्याची_तार:
शेवटच्या ओळीतच तुमचं अर्धं उत्तर आहे. इंडिकेटरबरोबर हेडलाईट लुकलुकतो म्हणजे त्या बाजूची अर्थिंग खराब आहे, दोघांचा करंट एकाच गंजलेल्या जोडातून परत जातोय. बल्ब घ्यायच्या आधी ते बघा.

आता जरा सविस्तर सांगतो कारण जुन्या गाड्यांमधे नव्वद टक्के वेळा हाच रोग निघतो आणि लोक त्यावर बल्ब बदलत बसतात. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या हिशोबात सरळ कमी-जास्त होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने होतो. म्हणजे बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, तीस टक्क्यांनी पडतो. पंधरा टक्के कमी मिळालं तर जेमतेम ५७-५८ टक्केच उजेड उरतो, आणि तारेचं तापमान उतरल्यामुळे रंगही पिवळा होतो, तुम्ही म्हणताय तसाच.

हे व्होल्टेज जातं कुठे तर बऱ्याच जुन्या गाड्यांमधे हेडलाईटचा सगळाच्या सगळा करंट बॅटरीवरून आत डॅशबोर्डपर्यंत येतो, लाईटच्या स्विचमधून जातो, मग डिपर स्विचमधून, मग पुन्हा बाहेर पुढे. बारीक वायर, लांब रस्ता, वाटेत पाच-सहा जोड आणि प्रत्येकावर इतक्या वर्षांची गंज. दोन डिपर बल्ब मिळून ९-१० अँपिअर खेचतात, त्या करंटला इतका अडथळा म्हणजे व्होल्ट-दीड व्होल्ट सहज गायब.

आता यातच १००/९० टाकले तर बघा काय होतं. अप्परवर करंट जातो १६-१७ अँपिअरवर. करंट वाढला की वायरमधे वाया जाणारं व्होल्टेज त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे वाढीव उजेडातला बराचसा हिस्सा वायरच खाते, आणि वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, पावणेतीन पटीच्या आसपास. पहिले डिपर स्विचचे पॉइंट जळतात, मग होल्डर वितळतो, मग रिफ्लेक्टरचं चकाकणारं कोटिंग बल्बच्या वरच्या बाजूला करपून काळं होतं. फ्यूज उडतो म्हणून कुणी मोठा फ्यूज टाकला तर मग वायरिंगच फ्यूजचं काम करणार. त्यामुळे १००/९० चा विषय डोक्यातून काढा.

मल्टिमीटर असेल तर मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब होल्डरमधे लावलेलाच हवा, काढून मोजलं तर करंटच वाहत नाही आणि आकडा खोटा छान दिसतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं होल्डरच्या मागून डिपरच्या पिनला लावायचं. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज प्लसच्या वाटेत वाया जातंय. मग तसंच बॅटरीचं मायनस आणि होल्डरची अर्थची पिन. दोन्ही बाजूंचं करा, डावी-उजवी वेगळी येईल बहुतेक. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला दोष देऊ नका, व्होल्टच्या वर गेली तर आजार सापडला.

पुढे_बघा:
मी एलईडी वापरतोय माझ्या जुन्या गाडीत, एच४ च्याच जागी. खरं सांगतो, उजेड भरपूर आहे, पांढरा आहे, करंट निम्म्याहून कमी घेतात त्यामुळे वर दादांनी सांगितलेला वायरिंगचा त्रासच नाही. गाडीच्या पुढचा रस्ता लख्ख दिसतो. इतकं सगळं उकरण्यापेक्षा एलईडी लावा आणि मोकळे व्हा असं माझं मत.

डिपर_द्या:
@पुढे_बघा तुमचा अनुभव नाकारत नाही, पण "गाडीच्या पुढचा रस्ता लख्ख" इथेच मला बोलायचंय, कारण समोरून येणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि चष्मा लावतो.

एच४ चा बल्ब हातात घेऊन नीट बघा. आत दोन तारा आहेत. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या बरोबर फोकसवर बसते. डिपरची तार तिच्या थोडी पुढे आहे आणि तिच्या खाली एक छोटीशी धातूची वाटी आहे, ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणजे डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत खाली वाकतो. वाटीची एक कड किंचित तिरकी असते, तिच्यामुळेच रस्त्याच्या कडेच्या बाजूला झोत १५ अंशांनी वर चढतो, पायी चालणारी माणसं आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. हे सगळं गणित काही मिलिमीटरच्या तारेवर आणि तिच्या अचूक जागेवर उभं आहे.

एलईडीत तार नसते, पातळ पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप असतात. तार चारही बाजूंना प्रकाश टाकते, चिप दोन बाजूंना. पट्टी थोडी जरी जाड असली किंवा चिप मिलिमीटरभर पुढे-मागे असली तरी डिपरची वरची कड (उजेड संपून अंधार सुरू होतो ती रेघ) फिसकटते आणि कडेच्या वरचा प्रकाश सरळ समोरच्याच्या डोळ्यात. दिवा नुसता खाली वाकवला तर चकाकणं थोडं कमी होतं पण मग लांबचं दिसत नाही. आणि बहुतेक एलईडीत प्रकाश जवळच पसरतो. गाडीच्या समोरचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा झगझगीत झाला की डोळ्याची बाहुली त्यालाच जुळवून घेते आणि सत्तर मीटरवरचा काळ्या कपड्यातला माणूस उलट आधीपेक्षा कमी दिसतो. चालवणाऱ्याला मात्र वाटतं काय उजेड आहे! म्हणून मी म्हणतो उजेड किती हे बॉनेटच्या पुढ्यात बघू नका, लांबची पाटी किती आधी वाचता येते त्यावर ठरवा.

चांगले एलईडी नसतातच असं नाही. जर्मनीत २०२० मधे पहिल्यांदा हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडीला रस्त्यावर परवानगी मिळाली, पण तीसुद्धा सरसकट नाही, ठराविक बल्ब ठराविक गाडीच्या ठराविक हेडलाईटमधे मोजून बघितला मगच. एकाच बल्बची एका रिफ्लेक्टरमधे कड स्वच्छ येते आणि दुसऱ्यात विस्कटते, म्हणून ही अट. बऱ्याच ठिकाणी अशी अदलाबदल अजूनही नियमात बसत नाही, तेव्हा आपापल्याकडचा नियम बघूनच हात घाला. एचआयडी किटचं (तारेऐवजी वायूतल्या ठिणगीने पेटणारे झेनॉन दिवे) तर नावच नको, एच४ मधे ते लावणं म्हणजे साधारण १००० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) डिपरसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमधे ३००० ल्युमेन ओतणं.

पुढे_बघा:
चिप घड्याळातल्या ३ आणि ९ च्या दिशेला येतील अशा बसवल्यात मी आणि भिंतीवर कडही बऱ्यापैकी येते. पण लांबच्या पाटीचा मुद्दा पटला, तो करून बघतो. एक मात्र जोडतो, एलईडी लावताना मागचा पंखा आणि हीटसिंक बाहेर राहतं आणि रबराची टोपी नीट बसत नाही. तिथून धूळ-पाणी आत जातं, हे लावायच्या आधी बघा.

काच_घासा:
बल्ब आणि वायरिंगवर एवढं बोलणं झालं, काचेवर आणि रिफ्लेक्टरवर कुणीच नाही. रातप्रवासी, तुमच्या दिव्याला खरी काच आहे की प्लॅस्टिक? नखाने टकटक करून बघा, आवाजावरून कळतं.

प्लॅस्टिक म्हणजे पॉलीकार्बोनेट असेल तर त्यावर कंपनीतून एक कडक यूव्ही कोट येतो, उन्हाने तो मरतो आणि मग काच पिवळी-धुरकट होते. पाण्याचा पॉलिश पेपर ८०० पासून सुरू करून १०००, २०००, ३००० असं करत जायचं, पेपर कायम ओला, प्रत्येक वेळी आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. मग पॉलिश. इथवर सगळे करतात आणि फोटो टाकतात, पण त्यावर नवा यूव्ही क्लिअर कोट मारला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं, कारण जुना उरलासुरला कोट तुम्ही स्वतःच काढून टाकलेला असतो. टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ बघून करू नका, वरवर चमकतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

खरी काच असेल तर पिवळी पडत नाही, पण आतून धुळीचा थर बसतो आणि बाहेरून बारीक खड्यांनी खडबडीत होते. जुन्या काचेवर उभ्या रेघा-चौकोन दिसतात ना, ते शोभेचे नाहीत, रिफ्लेक्टरवरून आलेला झोत त्या रेघाच पसरवतात. त्यावर आतून धूळ असली की प्रकाश वर-खाली सगळीकडे उधळतो, तुम्हाला कमी आणि समोरच्याला त्रास जास्त.

आणि रिफ्लेक्टर. बल्ब काढा, टॉर्च घ्या, आत बघा. आरशासारखा असेल तर उत्तम. राखाडी, दुधी, किंवा कोटिंग सुटून खालचा पत्रा दिसत असेल तर जगातला कुठलाही बल्ब टाका, काहीही होणार नाही, दिवाच बदलावा लागेल. एक कळकळीची विनंती, रिफ्लेक्टर फडक्याने पुसू नका! ते ॲल्युमिनियमचं इतकं पातळ कोटिंग असतं की एकदा पुसलं की उजेडासकट निघून येतं. हवेने फुंकून धूळ घालवा, फार तर डिस्टिल्ड वॉटरने हलकं विसळा आणि उपडं ठेवून वाळू द्या.

जुना_गोल_दिवा:
मधेच घुसतो. माझ्याकडे याहून जुनी गाडी आहे, सात इंची गोल दिवे, एच४ पण नाही, त्याच्या आधीचा ४५/४० वॅटचा मोठ्या काचेचा बल्ब, आणि अल्टरनेटर नाही डायनॅमो आहे. एच४ चा पूर्ण दिवा बसवला तर डायनॅमोला झेपेल का?

तांब्याची_तार:
@जुना_गोल_दिवा दिवा बसेल, सात इंची गोल हे जगभर एकच माप आहे आणि काच-रिफ्लेक्टर-होल्डरसकट एच४ चे दिवे त्यात मिळतात. घेताना झोत कुठल्या बाजूला चढतो ते बघा, उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेला दिवा डावीकडून चालणाऱ्या रस्त्यावर बरोबर समोरच्याच्या डोळ्यात मारतो. डायनॅमोचं म्हणाल तर दोन बल्बमागे डिपरवर ३० वॅट वाढतात, म्हणजे अडीच अँपिअर. डायनॅमोवर त्याचं आउटपुट लिहिलेलं असतं, त्यातून इग्निशन, वायपर, मागचे दिवे वजा करून बघा. आयडलवर डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, तेव्हा गर्दीत उभं राहिलात की सगळं बॅटरीवर चालणार. ४५/४० चा डिपर साधारण ६७५ ल्युमेनचा असतो, एच४ चा १००० चा, त्यामुळे फरक चांगलाच जाणवेल.

रातप्रवासी:
मोजलं. बॅटरीवर १३.९. प्लसच्या बाजूला दोन्हीकडे १.३ व्होल्ट गायब. अर्थच्या बाजूला उजवीकडे ०.२ आणि डावीकडे ०.६! काच खरी आहे, आतून बरीच धूळ आहे, पण रिफ्लेक्टर चांगला आहे, चेहरा दिसतो. पुढे काय करू, रिले म्हणतात ते हेच का? आणि मग बल्ब कुठला घ्यायचा?

तांब्याची_तार:
शाब्बास. म्हणजे डाव्या बल्बला मिळतायत १२.० आणि उजव्याला १२.४. पूर्ण १३.९ मिळाले असते तर जो उजेड पडला असता त्याच्या डावीकडे ६१ टक्के आणि उजवीकडे ६८ टक्केच पडतोय. बल्ब तोच, तुमचा एक तृतीयांश उजेड वायरमधे जातोय.

आधी अर्थ, ते सोपं आहे. डाव्या दिव्याची काळी किंवा तपकिरी वायर बॉडीला कुठे बोल्ट केलीये ती शोधा, बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पत्रा चमकेपर्यंत घासा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) नवा लावा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस. एवढ्यानेच इंडिकेटरबरोबर लुकलुकणं थांबायला हवं.

मग रिले, हो तेच. कल्पना अशी की जुना स्विच आणि जुनी वायर यांच्यावर बल्बचा भार टाकायचाच नाही, त्यांनी फक्त रिलेची कॉईल ओढायची, तिला एक-दोन दशांश अँपिअर पुरतात. बल्बचा खरा करंट बॅटरीवरून नव्या जाड वायरने, २.५ स्क्वेअर एमएम, फ्यूजमधून, रिलेमधून थेट होल्डरवर. दोन रिले लागतात, एक अप्परला एक डिपरला. पिना अशा, ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून बल्बकडे, ८५-८६ कॉईल, यातल्या एकीला जुन्या होल्डरवरचा सिग्नल आणि दुसरीला अर्थ. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी ते फ्यूज मधला तुकडा उघडाच असतो, तो कुठे घासून बॉडीला लागला तर आग. मी डाव्या-उजव्या डिपरला वेगवेगळे फ्यूज टाकतो, एक उडाला तरी दुसरा दिवा राहतो, रात्री दोन्ही एकदम जाणं फार वाईट. रिले पिना खाली करून बसवा, पाणी साठत नाही. होल्डर सिरॅमिकचे घ्या आणि प्रत्येकाची अर्थ वायर नवी ओढा.

एक सावधगिरी, काही गाड्यांमधे, विशेषतः जपानी, होल्डरच्या कॉमन पिनला, म्हणजे अप्पर-डिपर दोन्हींच्या सामायिक पिनला, कायम प्लस असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. तुमच्यात तसं असेल तर तयार हार्नेस (वायर, रिले, होल्डर जोडून मिळणारा संच) जसाच्या तसा चालणार नाही. आधी टेस्ट लॅम्पने बघा आणि मगच विकत घ्या.

बल्ब, हे सगळं झाल्यावर. चांगल्या कंपनीचे ६०/५५ चेच, गोलात ई (युरोपीय मान्यतेची खूण) छापलेला असलेले. ते अधिक १००, अधिक १३० वाले (इतके टक्के जास्त उजेड असा दावा करणारे) असतात त्यांची एकूण वॅट आणि ल्युमेन त्याच मर्यादेत असते, तार बारीक आणि आखूड करून प्रकाश एका जागी गोळा केलेला असतो त्यामुळे लांबचं खरंच जास्त दिसतं, पण आयुष्य कमी. आणि रिले लावल्यावर व्होल्टेज पूर्ण मिळणार, हॅलोजनचं आयुष्य व्होल्टेजला फार नाजूक असतं, तेव्हा असे बल्ब अजून लवकर जातील. माझ्या मते आधी साधे टाका आणि बघा, बहुतेकांना पुढे काही लागतच नाही. निळे मात्र नकोत, निळा रंग म्हणजे काचेवरचा फिल्टर, पिवळा-लाल प्रकाश अडवून ठेवतो म्हणून निळसर दिसतं, उजेड वाढत नाही. पावसात ओल्या डांबरावर तर अजूनच वाईट.

बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू नका, लागलं तर स्पिरिटने पुसा. बल्बच्या तीन कानांपैकी एक रुंद असतो, तो वर येऊन खाचेत नीट बसला पाहिजे, मगच स्प्रिंगची क्लिप.

रातप्रवासी:
डाव्याची अर्थ घासली, इंडिकेटरबरोबरचं लुकलुकणं खरंच थांबलं, दोन्ही दिवे सारखे दिसायला लागले! कॉमन पिनला अर्थच आहे, म्हणजे साधा हार्नेस चालेल, तो आणतो. शेवटचं विचारतो, वायरिंग आणि बल्ब झाल्यावर झोत सेट करायचा कसा? दिव्यामागे दोन स्क्रू दिसतायत.

डिपर_द्या:
हे केल्याशिवाय थांबू नका, उजेड वाढला की चुकीचा झोत समोरच्याला दुपटीने लागतो. सपाट जागा, सरळ भिंत, टायरमधे हवा बरोबर, टाकी साधारण अर्धी, आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं. आत उंची बदलायचं बटण असेल तर शून्यावर. गाडी आधी भिंतीला चिकटवून उभी करा, दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंच्या खुणा भिंतीवर करा, मग सरळ मागे ५ मीटर या. डिपरची वरची सपाट कड त्या खुणेच्या ५ सेंटीमीटर खाली आली पाहिजे, जागा असेल तर १० मीटरवरून करा, तिथे १० सेंटीमीटर, अचूक येतं. हा एक टक्क्याचा उतार झाला. दिव्याच्या पट्टीवर किंवा बॉनेटखाली दुसरा टक्का छापलेला असेल तर तोच धरा. कड जिथे वर वळते तो कोपरा खुणेच्या बरोबर खाली आला पाहिजे. वरचा स्क्रू बहुतेक उंचीचा आणि बाजूचा डाव्या-उजव्याचा, गंजलेले असतील तर आदल्या दिवशी तेल सोडा, जोर लावलात तर प्लॅस्टिकचा नट तुटतो आणि मग दिवा झुलत राहतो.

एका वेळी एकच दिवा बघायचा. दुसऱ्यासमोर पुठ्ठा उभा करा, कापड काचेवर टाकून ठेवू नका, हॅलोजन चालू असताना काच चांगलीच तापते.